धरलंय, पुढे बघा

"धरलंय, धरलंय! तुम्ही पुढे बघा!"

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला रविवारी सकाळी पाय मोकळे करायला जाणाऱ्यांना हा आवाज पाठ असेल. स्कूटरवर ओठ घट्ट मिटून बसलेली एखादी बाई आणि मागे, सीटमागच्या दांडीला हात लावून पळणारा, बारीक चणीचा, नीट कातरलेल्या दाढीचा माणूस. त्याच्या खांद्याला त्या बाईची पर्स. कधी लाल, कधी मोत्यांची, एकदा तर लग्नातली जरीची. पर्स पाठीवर आपटायची आणि हा ओरडत असायचा, "धरलंय!"

तुम्ही नीट पाहिलं असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. "धरलंय" म्हणताना त्याने दांडी सोडून बराच वेळ झालेला असायचा.

सगळे त्याला सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणतो. सर बायकांना स्कूटर शिकवायचे. गाडीवर पुढे 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलं होतं, पण माझ्या बायकोने माझ्यासाठी वशिला लावला. "ह्यांनाही घ्या," ती म्हणाली, "ह्यांच्यापासून महिलांना काही धोका नाही. धोका फक्त गाडीला आहे."

चोपन्नाव्या वर्षी माणसाने नवीन काही शिकू नये असं माझं मत होतं. ते सरांनी नाही, मीच खरं करून दाखवलं. बायको आठवडाभरात भाजी घेऊन यायला लागली. मी महिनाभर त्याच रस्त्यावर, त्याच चहाच्या टपरीपासून त्याच शहाळेवाल्याच्या गाडीपर्यंत जात राहिलो. एकदा शहाळेवाल्याच्या गाडीत गेलो. शहाळी रस्ताभर गडगडली. सर धावत आले, आधी स्कूटर उचलली, मग शहाळी, आणि शेवटी मला.

"काका, ब्रेक कुठे असतो?"

"माहितीय ना! हा काय."

"मग दाबला का नाही?"

"आठवला नाही."

सर हसले नाहीत. हसू यायला लागलं की ते दाढी खाजवायचे. त्या दिवशी बराच वेळ खाजवत होते.

ते माझ्या बायकोला वहिनी म्हणायचे आणि मला काका. आम्हा नवराबायकोत दोनच वर्षांचं अंतर आहे. या नात्याचं गणित कसं बसतं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काका, गाडी चालवणाऱ्यांना वहिनी म्हणतो."

शिकवून झालं की आम्ही टपरीवर चहा प्यायचो. सर भांडुपला आईबरोबर राहायचे. वडील गिरणीत होते, ते जाऊन खूप वर्षं झाली. आई कुडाळकडची, कधीतरी तिने पाठवलेली चपटी, खमंग घावनं डब्यातून यायची आणि बायको मला एकच द्यायची. आईबद्दल सर फार बोलत नसत. "म्हातारी बोलते कमी, जेवायला घालते जास्त," एवढंच.

मग एका रविवारी शिकवताना सरांचा आवाज मध्येच बंद झाला. वळणं पक्की करायला आलेली बायको बरीच पुढे गेली होती. तिने आरशात पाहिलं तर सर दुभाजकावर बसलेले, पोट दोन्ही हातांनी दाबून, चेहरा पांढरा. बायकोची पर्स मात्र खांद्याला तशीच.

आम्ही त्यांना टपरीवर बसवलं. बायको म्हणाली, "किती दिवस दुखतंय?"

"थांबून थांबून दुखतं. चार महिने झाले."

"आणि डॉक्टर?"

सरांनी चहाचा ग्लास उगाच फिरवला. "डॉक्टरकडे जाईन हो वहिनी. पण कुठल्या डॉक्टरकडे जाऊ, तिथेच गाडी अडते." मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "काका, मी जन्मलो तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून नाव ठेवलं होतं. मी मुलगा आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, बाकीच्यांना सांगायला वेळ लागला. औषधं घेतली, छातीचं ऑपरेशन केलं, कलेक्टर ऑफिसात चकरा मारून कागदावरही पुरुष झालो. पण पोटातलं सगळं तसंच आहे. दुखतंय ते तिथलं."

मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "अरे वा."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किट आणायला उठलो. घरी आल्यावर तिला म्हटलं, "मला कल्पनाच नव्हती गं."

"मला होती."

"मग बोलली नाहीस ते?"

"त्यांनी सांगितलं नव्हतं, मग मी कशाला सांगू? आणि तुम्हाला कल्पना कशी असणार? तुम्हाला समोरचा शहाळ्याचा गाडा दिसत नाही."

दुसऱ्याच दिवशी ती सुट्टी घेऊन त्यांना घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मीही गेलो, कारण घरी बसून काळजी करायला मला जमत नाही. मी ती लोकांमध्ये करतो. केसपेपरच्या खिडकीत एक तरुण कारकून होता. सभ्य होता बिचारा. त्याने सरांचं आधार कार्ड घेतलं, नाव टाइप केलं.

"कुठल्या विभागात?"

"स्त्रीरोग," सर म्हणाले.

"पेशंट कुठंय?"

"पेशंट मीच."

कारकुनाने कार्डाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवून "मी नाही, मी नाही" अशी मान हलवली. रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. खिडकीला मध्ये काच असल्यामुळे परत जोरात सांगावं लागलं. आता पूर्ण रांगेला कळलं.

कारकुनाने बटणं दाबली. परत दाबली. "निघत नाही हो. पुरुष टाकलं की कॉम्प्युटर स्त्रीरोगचा केसपेपरच काढू देत नाही. लाल होतो." मग त्याला एक उपाय सुचला आणि त्याचा चेहरा उजळला. "तुमचं जुनं कार्ड असेल ना? बाईच्या नावाचं? ते आणा, लगेच काढून देतो."

त्याला वाटलं, त्याने मदत केली. खरंच तसं वाटलं असणार.

सरांनी कार्ड खिशात ठेवलं आणि बाहेर आले. बाहेर पायरीवर बसून म्हणाले, "वहिनी, ते नाव माझ्या अंगावरून उतरवायला मला अर्धं आयुष्य लागलं. आता पोट दाखवायला ते परत घालू?"

"पण असं परत पाठवता येतं का?" मी म्हटलं.

"नाही येत. कायदा आहे ना काका. ट्रान्सजेंडर माणसाला उपचार नाकारायचे नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. पण खिडकीत कायदा नसतो बसलेला. खिडकीत कॉम्प्युटर असतो."

त्यानंतर सरांनी डॉक्टरचं नाव काढलं नाही. रविवारी यायचे, पण पळायचे नाहीत. टपरीजवळ उभे राहून ओरडायचे, "धरलंय!" शिकणाऱ्या बायका मागे बघायच्या, आणि मागे कुणीच नाही हे बघून पडायच्या. बायको म्हणाली, "हा माणूस पोटात काहीतरी फुटेपर्यंत गप्प बसणार."

मग तिने जे केलं त्याला मी अक्कल म्हणतो आणि ती लबाडी म्हणते. तिने स्वतःच्या नावाने स्त्रीरोगचा नंबर लावला. "माझ्यासोबत चला नुसते," असं सांगून सरांना घेऊन गेली. मी होतोच. त्या मजल्यावरच्या बाकांवर सगळ्या बायका, काही अवघडलेल्या, काहींच्या सासवा सोबत. आम्ही दोघं पुरुष एका टोकाला चोरासारखे. एका आजींनी माझ्या बायकोला विचारलं, "दोघांतला तुझा कुठला गं?" बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. आजी म्हणाल्या, "असू दे."

समोर सोनोग्राफीची खोली होती आणि दारावर नेहमीचा बोर्ड होता: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. सर तो बोर्ड बराच वेळ वाचत होते. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काका, इथे लिंग तपासत नाहीत म्हणे. म्हणजे आपण बरोबर जागी आलोय." आणि दाढी खाजवायला लागले. मला इतकं हसू आलं की सिस्टर बाहेर येऊन दटावून गेली.

नंबर लागला. डॉक्टरीणबाई साठीच्या असतील, चष्मा दोरीला. त्यांनी आम्हा तिघांकडे बघून विचारलं, "पेशंट कोण?"

बायको खुर्चीमागे सरकली. सर उभे होते. पुन्हा काचेसमोर उभे असल्यासारखे ताठ. "पेशंट मीच," ते म्हणाले, आणि पुढचं सगळं सांगायला त्यांनी श्वास घेतला.

"बसा," बाई म्हणाल्या. "दुखतं कुठे?"

बास. एवढंच विचारलं. सर बसले, आणि घेतलेला तो श्वास त्यांनी सोडून दिला. बाकीची माहिती बाईंनी विचारली, पण नंतर, आणि ताप किती दिवस आहे हे विचारतात तशी.

सोनोग्राफीत अंडाशयावर मोठी गाठ दिसली. पीळ बसला तर धावपळ होईल, लवकर काढू, असं बाई म्हणाल्या. मग हातातला केसपेपर बघून थांबल्या. "हे कुणाचं नाव?"

बायकोने कबूल केलं. बाई चिडल्या. "हिच्या नावावर ह्यांचं रक्त तपासू? उद्या ऑपरेशनला चुकीची बाटली लावली तर कोण जबाबदार?" मग सरांना म्हणाल्या, "तुम्ही आधी आला होतात का? परत पाठवलं? कुणी?"

पाचव्या मिनिटाला त्या आमच्यासोबत खाली केसपेपरच्या खिडकीवर होत्या. कारकून उभाच राहिला. "मॅडम, कॉम्प्युटर लाल होतो."

"होऊ दे. तुझ्याकडे पेन आहे का?"

"आहे मॅडम."

"मग हाताने काढ. ह्यांच्या कार्डावर आहे ते नाव, आहे ते लिंग, आणि माझा विभाग. पेशंटला परत पाठवलं तर हॉस्पिटल कायद्यात अडकेल, तुझा कॉम्प्युटर नाही. त्याच्याशी मी नंतर बोलते."

कारकुनाने हाताने लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं वळणदार होतं. सरांनी तो कागद घेतला आणि रिक्षात घरापर्यंत हातातच धरून ठेवला, घडी न घालता.

बेडचा प्रश्न आला. बायकांच्या वॉर्डात बायका अवघडतील, पुरुषांच्या वॉर्डात सर. शेवटी बाळंतिणींच्या मजल्यावर, अगदी टोकाला, पाळणे ठेवायची एक छोटी खोली होती, ती रिकामी करून दिली. पाळणे बाहेर पॅसेजमध्ये ओळीने मांडले. त्यातल्या एकात मी माझी पिशवी ठेवली होती, तर एका पाहुण्यांनी वाकून तिला कौतुकाने बघितलं.

आईला सरांनी सांगितलं होतं, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. ऑपरेशनच्या सकाळी त्या आल्या. नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. लिफ्टमधून बाहेर आल्या, समोर पाळणे, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र, आतून तान्ह्यांचं रडणं. त्यांनी सगळं बघितलं. बाकावर बसल्या आणि माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "माका अपेंडिक्स सांगल्यान."

बायकोने हळूहळू सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. सरांबद्दल त्या 'पोर' म्हणायच्या, 'आमचां पोर'. मुलगा नाही, मुलगीही नाही. इतकी वर्षं त्यांनी पोरावर भागवलं होतं. सरांनी मला एकदा सांगितलं होतं, "म्हातारी जुन्या नावाने हाक मारत नाही. नव्यानेही मारत नाही. जेवायला ये, एवढंच म्हणते."

सरांना स्ट्रेचरवरून न्यायला आले तेव्हा त्यांचं घड्याळ, चष्मा, फोन अशी सगळी पिशवी माझ्या खांद्याला होती. वॉर्डबॉय भरभर ढकलत होता. सर आडवे, डोळे छताला, आणि हात गादीची कड पकडून. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी स्ट्रेचरच्या मागच्या दांडीला हात लावला आणि पळायला लागलो. पिशवी पाठीवर आपटत होती.

"धरलंय सर, धरलंय! तुम्ही पुढे बघा!"

सरांनी मान वळवून बघितलं. "काका," ते म्हणाले, "पुढे छतच आहे." आणि दार बंद झालं.

मग आम्ही बसलो. आई चित्रातल्या बाळासमोर बसल्या होत्या. बायको मोबाईलवर काहीतरी वाचल्यासारखं करत होती. मी पॅसेजमध्ये चालत होतो, दोन वेगवेगळ्या घरच्या लोकांनी मला "पहिलं का?" म्हणून विचारलं. या वयात असा प्रश्न कुणी विचारल्यावर एरवी मी खूश झालो असतो.

शेवटी डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. "गाठ काढली. साधी दिसतेय, रिपोर्ट येईलच. ते छान आहेत."

ते छान आहेत. मी बायकोकडे बघितलं. तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "अहो, काहीतरी गोड आणा. सिस्टरना, मावशींना, सगळ्यांना."

मी खाली पळालो. हॉस्पिटलसमोर मिठाईचं दुकान होतंच. बाळंतिणींचा मजला असलेल्या हॉस्पिटलसमोर ते असतंच. काजू बर्फी दिसली. मला बर्फी आवडते. जास्त विचार केला नाही. मोठा बॉक्स घेतला आणि वर आलो.

वॉर्डातल्या मावशी दारातच होत्या. बॉक्स बघून त्यांचा चेहरा फुलला. "बर्फी! लक्ष्मी आली वाटतं? कुणाच्या घरी?"

आणि तेव्हा कुठे मला आठवलं. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. हे माझ्या आजीपासून आजच्या व्हॉट्सॲपपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत होतं. त्याच मजल्यावर, त्याच माणसासाठी मी बर्फी घेऊन उभा होतो. बायकोने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात आई उठल्या. सकाळपासून पहिल्यांदा उठल्या. माझ्यापर्यंत आल्या, बॉक्सचं झाकण लावलं आणि तो माझ्या छातीशी ढकलला.

"बर्फी नको," त्या म्हणाल्या. "बर्फी येकदा वाटून झाली. ह्येच्या बापाशीन आख्ख्या चाळीक वाटल्यान तेव्हा. आता पेढे हाडा."

हाडा म्हणजे आणा, हे कळायला मला वेळ लागला.

"हाडा म्हटलंय मां! पेढे!"

मी परत खाली पळालो. मिठाईवाल्याने मला बघितलं, माझ्या हातातली बर्फी बघितली, आणि मी पेढे मागितल्यावर तो गल्ल्यावरून उठून बाहेरच आला. "काका! जुळं?"

पेढे आईंनी स्वतः वाटले. मला बॉक्सला हात लावू दिला नाही. सिस्टरपासून सुरुवात केली, मग मावशी, मग प्रत्येक खाटेशी, प्रत्येक बाळंतिणीच्या आईच्या, सासूच्या हातावर एकेक. मी मागे पाण्याची बाटली घेऊन. माझी बायको त्यांच्या मागे. ओपीडीत भेटलेल्या त्या आजीही तिथे होत्या, त्यांची नात बाळंत झाली होती.

"मुलगा का?" आजींनी विचारलं.

"झील," आई म्हणाल्या. मालवणीत मुलाला झील म्हणतात. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "माझो झील."

"छान, छान. वजन किती भरलं?"

आईंनी थोडा विचार केला. "पंचावन्न किलो."

आजींनी पेढा तोंडात टाकला आणि दुसरा घेतला.

सरांना शुद्ध आली तेव्हा आई खाटेशी होत्या. पेढ्याचा बॉक्स स्टूलवर, त्यात दोनच उरलेले. सरांनी डोळे किलकिले करून तो बघितला. जीभ अजून जड होती. "कोणाचे पेढे?"

"तुझे," आई म्हणाल्या. "वाटूचे रवलेले." तेव्हा वाटायचे राहून गेले होते, ते.

सरांनी दाढीकडे हात नेला, पण सलाईन लावलेला तो हात वरपर्यंत पोचला नाही. मग आईंनीच ती जरा खाजवली. मी आणि बायको पाळण्यांमध्ये जाऊन उभे राहिलो.

रिपोर्ट चांगला आला. काही महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा खिडकीत तोच कारकून होता. त्याने सरांना ओळखलं. "या सर. आता निघतो केसपेपर. लाल होत नाही. मॅडमनी सॉफ्टवेअरवाल्यांना रडवलं." मग काचेच्या भोकाशी तोंड आणून, यावेळी हळू आवाजात म्हणाला, "तुमच्यानंतर दोघं येऊन गेले. अडलं नाही."

सरांनी काच दोनदा वाजवली. शाबासकी देतात तशी.

आता मिठागर रोडवर रविवारी तो आवाज नाही. सर आईला घेऊन कुडाळला गेले, तिकडेच क्लास काढलाय. तिकडे बायकांना स्कूटरची गरज जास्त, असं म्हणाले. जाताना बायकोला गाडीची एक किल्ली आठवण म्हणून दिली आणि मला एक शहाळं. मी अजून स्कूटर चालवत नाही. मागे बसतो, मागची दांडी पकडून.

मागच्या आठवड्यात त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. आम्ही तो इतक्या वेळा बघितलाय की आमचा मुलगा वैतागला. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना माड. स्कूटरवर सरांची आई, नऊवारीचा काष्टा घट्ट, हेल्मेट जरा तिरकं. मागे सर पळतायत, खांद्याला आईची कापडी पिशवी. आईची नजर समोर, आवाज मात्र मागे:

"सोडू नको रे झिला! सोडू नको!"

"धरलंय गे आये! फुडे बघ!" सर ओरडतात. त्यांचे दोन्ही हात हवेत आहेत.